आधी स्वल्प बलक्के : आवनीची वाट आणि न सुटणारे चार नट

आवनीला जाण्याचा निर्णय माझा नव्हता. तो इंदिराअक्काने घेतला आणि मला फोनवर कळवला.

इंदिराअक्का ही माझ्या दिवंगत पत्नीची, सुमनची, थोरली बहीण. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे निकामी, आवाज मात्र खणखणीत. ती कोलारच्या पलीकडे, मुळबागलला राहत असे. मुलाने तिला कायमचे म्हैसूरला नेण्याचे ठरवले होते आणि सामान न्यायला तो शनिवारी दुपारी येणार होता.

"भावजी," अक्का म्हणाली, "शनिवारी सकाळी तुम्ही या. सुमीची गाडी घेऊन या. एकदा आवनी करून टाकू. मग म्हैसूरला जाऊन मी बसते, कुठे बसवतील तिथे."

आवनी हे मुळबागलजवळचे एक लहानसे गाव आहे. पायथ्याशी जुन्या देवळांचा समूह आणि मागच्या खडकाळ डोंगरावर सीतेचे देऊळ. लव आणि कुश यांचा जन्म येथेच झाला, अशी त्या भागातील श्रद्धा आहे. दर वर्षी एकदा सुमन बंगळुरूहून गाडी घेऊन जाई, अक्काला बरोबर घेई आणि दोघी आवनीला जात. अक्का खालच्या देवळात बसे, सुमन ओटी घेऊन वर चढे. मी कधीही गेलो नव्हतो. तो दोघी बहिणींचा दिवस होता आणि मला कोणी बोलावलेही नव्हते. गेल्या वर्षी सुमनच्या आजारपणात आवनी राहिली. त्यानंतर सुमनच राहिली नाही.

अक्का एकदा म्हैसूरला गेली की तिचे गुडघे तिला पुन्हा इकडे येऊ देणार नाहीत, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. शनिवारची सकाळ एवढीच काय ती संधी होती. मी "येतो" म्हणालो.

आता गाडीविषयी. आमचे घर इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे आणि सुमनची लहान पांढरी गाडी इमारतीच्या तळघरात तिच्या मृत्यूपासून उभी होती. मला गाडी चालवता येते. परंतु आमच्या घरात गाडी चालवणारी व्यक्ती म्हणजे सुमन. ती बंगळुरूच्याच शिवाजीनगरमधील जुन्या मराठी कुटुंबातली. तिच्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, तेथे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान होते, मागच्या बाजूला दुरुस्तीची शेड होती आणि दोघी मुली त्या शेडमध्येच लहानाच्या मोठ्या झाल्या. मी पुण्याचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेतल्या बदलीमुळे येथे आलो आणि येथेच निवृत्त झालो. इतकी वर्षे राहूनही माझे कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडे आणि 'सरी' म्हणजे ठीक, यांच्या पुढे गेले नाही. रिक्षावाल्याला लेफ्ट, राइट, स्ट्रेट पुरते. उरलेले कन्नड सुमन सांभाळत असे.

जो कोणी बराच काळ उभी असलेली गाडी प्रवासाला काढणार असेल, त्याने माझ्यासारखे वागू नये म्हणून पुढचे सविस्तर लिहितो. कोपऱ्यावरच्या गॅरेजातील मेकॅनिक घरी आला. त्याने नवी बॅटरी बसवली, ऑइल बदलले, ब्रेक तपासले, चाकांत हवा भरली. मग तो म्हणाला, "सर, पहिये भी खोलके देखता हूँ. नट जंग पकड़े हैं."

"नको," मी म्हणालो. "चाकांना हात लावू नका."

त्याने माझ्याकडे पाहिले, खांदे उडवले आणि हत्यारे गोळा केली.

कारण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका पंक्चरवाल्याने चाक बसवले आणि नट नीट आवळलेच नाहीत. होसकोटेच्या पुढे गाडी थरथरू लागली. सुमनने बाजूला थांबून पाहिले, तर नट बोटांनी फिरत होते. त्या दिवसापासून चाकाचे काम कोणीही केले, तरी शेवटचा हात तिचा असे. ती साडीचा पदर खोचून डिकीतून पाना काढी, तो नटावर बसवी आणि एका हाताने गाडीचे छत धरून पान्याच्या दांड्यावर सरळ उभी राहत असे. चारही चाके, सगळे नट. पंक्चरवाले हसत. ती म्हणे, "हसा. पडायला लागलो तर आम्हीच पडणार आहोत, तुम्ही नाही."

आजारी पडण्यापूर्वी तिने ते शेवटचे आवळले होते. मेकॅनिकला मी नको म्हणालो, ते त्यामुळे. हे तर्काला धरून नव्हते, याची मला त्या वेळीही कल्पना होती.

शनिवारी उजाडताच निघालो. इलेक्ट्रॉनिक सिटीकडून कोलारला जाणाऱ्यांनी सिल्क बोर्डचा चौक सकाळी सातच्या आत ओलांडावा. त्यानंतर तो चौक आपल्याला ओलांडू देत नाही, धरून ठेवतो. रिंग रोडने के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापर्यंत विनासायास पोहोचलो. तेथून जुना मद्रास रस्ता लागतो. होसकोटेनंतर टोलनाका आहे, फास्टॅग भरून ठेवावा. माझा रिकामा निघाला आणि मागच्या ट्रकने माझ्या वतीने सर्वांना ते कळवले. पुढे रस्ता उत्तम. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडे, तुतीची शेते, टोमॅटोचे मळे आणि क्षितिजावर गोल गुळगुळीत खडकांचे ढीग.

नरसापूरच्या अलीकडे एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, इडली-वडा आणि कॉफी घेतली. शंभर रुपयांच्या आत दोन माणसांची न्याहारी होते. शेजारच्या उंच टेबलाशी उभे राहून खाणारी तीन मुले मराठी बोलत होती, नागपूरकडची असावीत.

"अबे, ह्या सांबारात गूळ टाकते का बे हे लोक?"

"तू खाय ना चुपचाप. पाचव्या वड्याले आठवलं का तुले?"

एरवी मी ओळख करून घेतली असती. म्हणजे सुमनने करून घेतली असती आणि मी बाजूला उभा राहिलो असतो. मी कॉफी संपवून निघालो.

मुळबागलला अक्काच्या घरी पोहोचलो, तेव्हा सगळे घर खोक्यांत भरलेले होते. अक्का दारातच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. जरीकाठी साडी, मांडीवर पिशवी. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू.

"वेळेवर आलात. पुण्याची माणसं," ती म्हणाली. "जेवूनच आला असाल."

"फक्त न्याहारी केली, अक्का."

"मग डोसा खावा लागेल. मुळबागलला येऊन डोसा नाही खाल्ला तर पोलीस धरतात."

मुळबागलचा डोसा वेगळाच असतो. आकाराने लहान, जाड, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, वर लोण्याचा गोळा. बसस्थानकाजवळच्या जुन्या हॉटेलातून तिने पार्सल मागवून ठेवले होते. मी दोन खाल्ले. अक्काने एकही घेतला नाही. सीतेच्या देवळात जाईपर्यंत ती काही खात नाही.

"वरचं दार बारा वाजता लावतो पुजारी," ती म्हणाली. "एकदा सुमी दहा मिनिटं उशिरा पोचली. परत खाली आली ती तोंड एवढं करून. दुपारी तर माझा मुलगा येतोय टेम्पो घेऊन. चला."

तिला गाडीत बसवायला वेळ लागला. स्टूल डिकीत ठेवले. पुढच्या आसनावर बसल्यावर तिने डॅशबोर्डवर हात फिरवला आणि पुसल्यासारखे करून म्हणाली, "सुमीचा गणपती काढला नाहीत ते बरं केलंत."

मुळबागलहून आवनी साधारण बारा-तेरा किलोमीटर आहे. महामार्ग सोडला की रस्ता अरुंद होतो, पण डांबर चांगले आहे. डोंगर दिसू लागला आणि त्याच वेळी गाडी डाव्या बाजूला ओढू लागली. मागून फडफड ऐकू आली. चिंचेच्या एका झाडाखाली गाडी घेतली. मागच्या डाव्या चाकात खिळा शिरला होता आणि टायर पूर्ण बसला होता.

"स्टेपनी आहे ना?" अक्काने विचारले.

स्टेपनी होती, हवाही होती. जॅक होता. पाना होता, तोच सुमनचा. मी अक्काला उतरवून सावलीत स्टुलावर बसवले आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पंधरा मिनिटांचे काम आहे, असे मी तिला सांगितले.

या कामाचा क्रम पुष्कळ जण चुकतात. गाडी आधी जॅकवर चढवायची नसते. चाक हवेत असले की ते पान्याबरोबर फिरते आणि जोर लावावा तर गाडी जॅकवरून घसरते. नट जमिनीवरच सैल करायचे, मग गाडी उचलायची. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढच्या चाकाला दगड लावले, पाना नटावर पूर्ण आत बसवला आणि डावीकडे ओढला.

नट हलला नाही.

दुसरा पाहिला. तिसरा. चौथा. चारही नटांच्या कडांना तांबूस गंज धरला होता. मी पाय रोवून ओढले, पाठ वाकवून ओढले. एकदा पाना निसटला आणि माझी बोटे चाकाच्या कडेवर आपटून सोलवटली. रक्त पुसून पुन्हा ओढले. पाना वाकेल असे वाटले, पण नट जागचा हलेना.

"किती वाजले?" अक्काने विचारले.

"साडेदहा होऊन गेले."

 मांडीवरची पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली.

टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला आणि थांबला. चालकाचे नाव मंजण्णा, हे अक्काने अर्ध्या मिनिटात काढून घेतले. त्याचे गाव, त्याच्या बायकोचे माहेर आणि टोमॅटोचा भाव हेही. त्याने चाकाजवळ बसून नट पाहिले, जीभ चुकचुकवली आणि ट्रॅक्टरवरून लोखंडी पाइप काढून आणला. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला की दांडा लांब होतो आणि तेवढ्याच जोरात ताकद वाढते. आम्ही दोघांनी मिळून ओढले. गाडी हलली, नट नाही.

मंजण्णाने पाइप खाली ठेवला. "बिडि सार, ना माडतीनी," असे म्हणून तो पुन्हा ट्रॅक्टरकडे गेला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला.

"काय म्हणतो आहे?"

"सोडा म्हणतो, मीच करतो. छिन्नी लावून एकेक फोडून काढतो म्हणतो," अक्का म्हणाली. "चला, करू दे त्याला. बारा वाजतील भावजी."

"अक्का, घाव चुकला तर नटाबरोबर आतला बोल्टही मोडेल. मग दुसरे चाक बसवणार कशावर? गाडी येथेच राहील."

"मग त्याच्या ट्रॅक्टरवर बसवता का मला?" ती म्हणाली. "टोमॅटोत बसवा. आवनीला पोचेपर्यंत सार होईल माझं."

मंजण्णाला शब्द कळले नाहीत, पण तो हसला. अक्का हसली नाही. ती डोंगराकडे पाहत होती. डोंगर इतका जवळ होता की वरच्या देवळाचा पांढरा ठिपका दिसत होता.

मंजण्णाने छिन्नी पहिल्या नटावर टेकवली. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांबा. एकदाच. मला एकदाच पाहू द्या."

बोल्ट मोडेल ही भीती खरीच होती. पण मी त्याचा हात धरला तो केवळ तेवढ्यासाठी नव्हता. ज्या नटांवर सुमन उभी राहिली होती, ते कोणी हातोड्याने फोडावेत, हे मला पाहवत नव्हते. मी पाना घेतला, पाइप चढवला आणि सुमनचे नेहमीचे वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणालो. घरात काहीही घट्ट बसले की ती ते म्हणत असे. लोणच्याची बरणी, तेलाच्या डब्याचे झाकण, नळाची चावी. बरणी आधी माझ्याकडे येई. मी झाकणाशी झटे, झटे आणि परत देई. ती बरणी हातात घेई, "आधी स्वल्प बलक्के, मग सोड" असे म्हणे आणि झाकण निघे. तिच्या मनगटात माझ्यापेक्षा बळ आहे, असे मी समजत आलो होतो.

"काय म्हणालात?" मागून अक्काने विचारले.

"काही नाही. सुमन म्हणायची ते."

"काय म्हणायची?"

"आधी स्वल्प बलक्के."

अक्का क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. "मग मघापासून एडक्के कशाला ओढताय?"

"मी बळच लावतो आहे, अक्का."

"अय्यो देवा! बळ नव्हे हो! बलक्के! बलगडे! ह्या हाताकडे!" तिने उजवा हात वर करून हलवला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. "उजवीकडे! इतकी वर्षं बंगळुरात राहून तुम्हाला उजवं-डावं कळेना?"

"परंतु उजवीकडे फिरवला तर नट आणखी आवळला जाईल."

"आवळू दे की! स्वल्प. केसभर. गंज मोडायला. गंज मोडला की मग एडक्के, डावीकडे. आमच्या अप्पांचं वाक्य ते. शेडमध्ये दिवसभर हेच चालायचं. नुसतं सोडायला गेलं की अडतं म्हणायचे." मग तिने मंजण्णाकडे वळून सगळे कन्नडमध्ये सांगितले. मंजण्णा आधी माझ्याकडे पाहून, मग ट्रॅक्टरच्या चाकावर हात मारून इतका हसला की त्याला खाली बसावे लागले.

मी पान्याची दिशा बदलली. जो नट सोडवायचा, तोच आवळायला हात सहज तयार होत नाहीत. मी उजवीकडे दाब दिला. थोडाच, झटका न देता.

आतून बारीकसा आवाज आला. कट्. सुपारी फुटल्यासारखा.

मग डावीकडे ओढले. नट आला.

दुसरा आला. तिसऱ्याला दोनदा उजवीकडे न्यावे लागले, मग तोही आला. चौथ्यापाशी मी थांबलो. या चाकावरचा सुमनने आवळलेला तो शेवटचा नट होता.  मी पाना उजवीकडे दाबला, पुन्हा तो आवाज ऐकला आणि सोडला.

त्यानंतर जॅक लावला, चाक काढले. बोल्टांच्या आट्यांवरचा गंज मंजण्णाने तारेच्या ब्रशने साफ केला. तो तेलही लावणार होता, पण अक्काने त्याला दटावले: "आट्यांना तेल लावलं की नट प्रमाणाबाहेर आवळला जातो." स्टेपनी बसवली, नट हाताने फिरवले, गाडी खाली घेतली. मग समोरासमोरचे नट जोडीने आवळले, म्हणजे चाक तिरके बसत नाही.

"झालं," मी म्हणालो.

"झालं नाही," अक्का म्हणाली. "सुमी कशी करायची?"

मी एका हाताने गाडीचे छत धरले आणि पान्याच्या दांड्यावर उभा राहिलो. पायघोळ पँट, काळे बूट, चष्मा, सोलवटलेली बोटे. "सार, डान्स!" मंजण्णा ओरडला. मी चारही नटांवर एकेकदा उभा राहिलो. पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. अक्काच्या पिशवीत चार टोमॅटो टाकले आणि निघून गेला.

उरलेल्या वाटेत अक्काने टोमॅटो पिशवीच्या तळाशी सारले. मग एकदम म्हणाली, "तसं म्हटलं तर तुमचंही अगदीच चुकलं नाही. कन्नडात बळही बलच आणि उजवं पण बलच."

मराठीतही आपण सरस वस्तूला 'उजवी' म्हणतोच, असे मला तिला सांगायचे होते. पण समोर देवळाचे आवार आले होते.

आवनीची खालची देवळे पाहण्यासारखी आहेत. राम आणि त्याच्या तिन्ही भावांच्या नावाने स्वतंत्र शिवलिंगे असलेली देवळे एकाच आवारात आहेत. खांबांवर बारीक कोरीव काम, आत गारवा, गर्दी अजिबात नाही. अक्काला एका खांबाशी स्टुलावर बसवले. तिने मला पिशवी दिली.

"अक्का, ओटी पुरुषाने भरू नये."

"भरू नका. उंबऱ्यावर ठेवा. ती घेईल. आणि पुजारी नाव विचारेल. दोघींची सांगा."

"दोघींची? अर्चना जिवंत माणसाच्या नावाने करतात. सुमन तर..."

"मी सांगते ना," अक्का म्हणाली. "दोघींची."

डोंगर चढायला धडधाकट माणसाला अर्धा तास पुरतो. काही ठिकाणी पायऱ्या आहेत, काही ठिकाणी खडकातच खोबणी. पाणी बरोबर ठेवावे, वर मिळत नाही. माकडे आहेत, पिशवी छातीशी धरावी. मी वाटेत कोठेही थांबलो नाही. वर पोहोचलो तेव्हा पुजारी कुलूप हातात घेऊन उभा होता. माझा मळलेला शर्ट, हातावरचे ग्रीस आणि छातीशी धरलेली ओटीची पिशवी पाहून तो दारातून बाजूला झाला.

त्याने नाव विचारले. तेवढे कन्नड मला कळले.

"इंदिरा," मी म्हणालो. "सुमन."

त्याने दोन्ही नावे एकाच स्वरात, एकाच दमात घेतली, त्यांच्या आयुरारोग्यासाठी. मी उंबऱ्यावर खण, नारळ, तांदूळ ठेवले. टोमॅटो पिशवीत राहिले होते. तेही ठेवले.

खाली आलो तेव्हा अक्का खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने विचारले, "उघडं होतं?"

"उघडे होते."

"दोघींची?"

"दोघींची."

तिने प्रसादातले खोबरे तोंडात टाकले आणि सावकाश, बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "आता डोसा आणा."

दुपारी मुलगा टेम्पो घेऊन आला. सामान चढले. अक्का पुढच्या आसनावर बसली आणि खिडकीतून तिने माझा हात धरला. ग्रीस अजून निघाले नव्हते. "भावजी, नट परत बघा," ती म्हणाली. "थोडं चालल्यावर परत बघावे लागतात." टेम्पो गेला. मी रिकाम्या घराला कुलूप लावून किल्ली शेजारी दिली.

परतताना होसकोटेला टायर दुरुस्त करून घेतला. खिळा काढून आतून रबर भरतात, दीडशे-दोनशे रुपये पडतात. दुकानदार ते चाक पुन्हा गाडीला लावायला एअर गन घेऊन आला. मी नको म्हणालो. ते चाक डिकीत ठेवले, आता तेच स्टेपनी. एअर गनने नट घाईत आणि वाटेल तितके आवळले जातात आणि पुढे रस्त्यात साध्या पान्याने सुटत नाहीत. दुकानात नट हातानेच आवळून घ्यावेत, असा माझा आता सर्वांना आग्रह आहे.

जे आवनीला जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी: पहाटे निघावे, डोसा मुळबागललाच खावा, डोंगर आधी चढावा आणि खालची देवळे नंतर पाहावीत. वेळ असेल तर जवळच कुरुडुमलेचा भव्य गणपती आहे. मला तो पाहता आला नाही. निघण्यापूर्वी चाकांचे नट एकदा सोडवून, साफ करून पुन्हा आवळून घ्यावेत. जुने नट वर्षानुवर्षे तसेच ठेवू नयेत. आवनीला निघण्यापूर्वी हे मला कोणी सांगितले असते, तरी मी ऐकले नसते.

अक्का म्हैसूरला रुळत आहे. तेथील सांबार तिला आवडत नाही. तिचे गुडघे काहीही म्हणोत, पुढच्या वर्षी तिला घेऊन मी आवनीला जाणार आहे. म्हैसूर वळसा घालून पडते, ते चालेल.

तिच्या सांगण्याप्रमाणे, घरी आल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन तळघरात गेलो. मागच्या डाव्या चाकाचे चारही नट तपासले, पक्के होते. ते मी आवळलेले आहेत. मग उरलेल्या तीन चाकांकडे गेलो. ते नट अजून सुमनचे आहेत. तेही एक दिवस सोडवावे लागतील, हे मला माहीत आहे, आणि कसे सोडवायचे तेही आता माहीत आहे. त्या सकाळी मात्र मी प्रत्येक नटावर पाना बसवला आणि फक्त उजवीकडे दाबून पाहिला.

स्वल्प. एकही हलला नाही.